त्या एकोणीस स्त्रिया: फुप्फुसाच्या कर्करोगाचं बदलतं चित्र

१९५० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा एक अहवाल छापून आला. लंडनमधल्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाने दाखल झालेल्या ७०९ रुग्णांना त्यांच्या सवयींबद्दल खोदून खोदून विचारलं गेलं होतं. त्यांत पुरुष ६४९ आणि स्त्रिया ६०. त्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे किती निघाले, तर फक्त दोन. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं जगापुढे ठळकपणे मांडणाऱ्या पहिल्या काही अभ्यासांपैकी हा एक. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचं पान आहे आणि ते योग्यच आहे.

पण त्याच अहवालातल्या तक्त्यात स्त्रियांच्या रकान्यात आणखी एक आकडा आहे. ६० पैकी १९ जणी धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या. म्हणजे जवळपास एकतृतीयांश.

चर्चा साहजिकच पुरुषांच्या आकड्याची झाली. घराला आग लागलेली असताना कोपऱ्यातल्या निखाऱ्याकडे कोण बघणार? मी हा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला तेव्हापासून तो १९ चा आकडा डोक्यातून जात नाही. आज, पाऊण शतकानंतर, जगभरच्या या रोगाचं चित्र ज्या दिशेने सरकतंय, त्याची खूण त्या छोट्या रकान्यात होती असं मला वाटतं. हे सरकणं नेमकं काय आहे, पुरुषांत काय घडलं, स्त्रियांत काय घडतंय, आणि दोघांचे आलेख एकमेकांच्या मागेपुढे का चालतात, ते समजून घेऊ.

आधी पुरुष

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग जवळपास कोणाला होत नसे. न्यूयॉर्कचे डॉक्टर आयझॅक अ‍ॅडलर यांनी १९१२ मध्ये जगभरच्या वैद्यकीय नोंदी चाळून फुप्फुसातच उगम पावलेल्या कर्करोगाचे रुग्ण मोजले, तर ते जेमतेम पावणेचारशे भरले. इतक्या दुर्मीळ रोगावर लिहायचं कशाला, असं वाचकाला वाटेल, ही धास्ती त्यांनाही होती.

मग झालं काय? १८८१ मध्ये जेम्स बॉनसॅक नावाच्या अमेरिकन तरुणाने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. हाताने वळलेली सिगारेट महाग पडे. यंत्र दिवसाला लाखभर सिगारेटी बाहेर टाकू लागलं, सिगारेट स्वस्त झाली, आणि पहिल्या महायुद्धात ती सैनिकांच्या शिध्यातच गेली. युद्धावरून परतलेले लाखो तरुण ती सवय घरी घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, ब्रिटनमधले ८२ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू ओढत होते. जपानमध्ये १९६६ साली हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं.

कर्करोग मात्र लगेच आला नाही. या रोगाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. धुरातली रसायनं फुप्फुसाच्या पेशीतल्या जनुकांवर घाव घालतात. बहुतेक घाव पेशी स्वतःच बुजवते, काही तसेच राहतात. एका घावाने पेशी बिघडत नाही. नेमक्या जागी, नेमके अनेक घाव साठावे लागतात आणि त्याला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. भिंतीवर ओल आज दिसते, पाणी मात्र कधीपासून मुरत असतं, तसंच हे.

म्हणून एखाद्या देशातला आजचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा आकडा आजच्या धूम्रपानाबद्दल फारसं काही सांगत नाही. तो तीस वर्षांपूर्वीच्या तरुणांबद्दल सांगतो. अमेरिकेत पुरुषांचं धूम्रपान १९५० च्या दशकात शिगेला पोहोचलं, तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढत. त्यांच्यातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्युदराचं शिखर आलं १९९० च्या सुमारास. तिथून तो दर उतरत उतरत आज निम्म्याच्याही खाली आलाय. ब्रिटनमध्ये हे शिखर त्याहून आधी येऊन गेलं. कॅन्सरविरुद्धच्या लढाईत औषधांच्या बातम्या होतात, पण लोकांनी सिगारेट सोडल्यामुळे वाचलेले जीव कुठल्याही औषधाने वाचवलेल्या जिवांपेक्षा जास्त आहेत. ही गोष्ट जितकी सांगावी तितकी थोडी.

मग स्त्रिया

स्त्रियांनी चारचौघांत सिगारेट ओढणं पाश्चात्त्य देशांतही एके काळी निंदेचा विषय होता. तो आपोआप बदलला नाही, ठरवून बदलला गेला. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून काही तरुणी मिरवणुकीत सिगारेटी पेटवून चालल्या. प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेस यांनी तंबाखू कंपनीसाठी आखलेला हा कार्यक्रम होता आणि त्या सिगारेटींना नाव दिलं होतं ‘स्वातंत्र्याच्या मशाली’. १९६८ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने खास स्त्रियांसाठी ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही सडपातळ सिगारेट बाजारात आणली आणि तिच्या जाहिरातींत पुन्हा स्त्रीमुक्तीचीच भाषा वापरली. स्त्रियांनी हक्कांसाठी केलेला खरा संघर्ष उचलून त्यावर विष विकलं गेलं, याचा मला आजही मनापासून राग येतो.

अमेरिकेत स्त्रियांचं धूम्रपान १९६० च्या दशकाच्या मध्याला शिखरावर होतं. तेव्हा दर तिघींत एक सिगारेट ओढत होती. पुरुषांच्या तुलनेत सवय लागली उशिरा, कमी जणींना लागली, आणि सुटायलाही वेळ लागला. १९८७ मध्ये त्या देशातल्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंनी स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंना मागे टाकलं. पुरुषांचा आलेख १९९० नंतर खाली यायला लागला, तरी स्त्रियांचा पुढे आणखी काही वर्षं वर जात होता.

या मधल्या काळात एक गोड गैरसमज रुजला. १९६० च्या दशकातल्या आकड्यांवरून असं दिसायचं की सिगारेटचा त्रास स्त्रियांना कमी होतो. तो समज कसा मोडला, हे सांगणारे आकडे माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत बोलके आहेत. मायकेल थन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या तीन कालखंडांची तुलना मांडली. प्रश्न साधा होता: कधीच न ओढणाऱ्या व्यक्तीच्या तुलनेत, सिगारेट ओढणारी व्यक्ती फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका किती पट?

१९६० च्या दशकात पुरुषांसाठी उत्तर होतं सुमारे १२ पट, स्त्रियांसाठी जेमतेम पावणेतीन पट.

१९८० च्या दशकात पुरुषांसाठी जवळपास २४ पट, स्त्रियांसाठी साडेबारा पट.

आणि २००० नंतर? पुरुषांसाठी २५ पट, स्त्रियांसाठीही सुमारे २५ पट, किंबहुना किंचित जास्तच.

चाळीस वर्षांत स्त्रियांचं शरीर बदललेलं नाही. १९६० च्या दशकातल्या बायकांनी सिगारेट उशिरा सुरू केली होती, दिवसाला कमी ओढली होती, आणि सुरू करून फार वर्षं झालेली नव्हती. पुढच्या पिढीने मुलग्यांच्याच वयात सुरुवात केली, तितक्याच ओढल्या आणि तितकीच वर्षं ओढल्या. हिशेब तंतोतंत सारखा निघाला. कमी दिसणारा धोका म्हणजे फक्त लांबलेली वसुली होती.

याची दुसरी बाजू आशेची आहे. ब्रिटनमधल्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीतून २०१३ मध्येच असं पुढे आलं की, वयाच्या चाळिशीआधी जिने सिगारेट सोडली तिने धूम्रपानामुळे वाढणारा अकाली मृत्यूचा धोका ९० टक्क्यांहून जास्त टाळला. पन्नाशीत सोडली तरी फायदा होतोच, थोडा कमी. ‘आता सोडून काय उपयोग’ या वाक्याला कोणत्याही वयात आधार नाही.

आज जगात काय स्थिती आहे

फ्रान्समधल्या लियाँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि १८ लाखांवर लोक त्याने गेले. दोन्ही बाबतींत हा कर्करोग जगात पहिल्या क्रमांकावर आहे. नव्या रुग्णांत पुरुष सुमारे १५ लाख ७० हजार, स्त्रिया सुमारे ९ लाख. पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत हा पहिला, स्त्रियांच्या बाबतीत स्तनाच्या कर्करोगानंतर दुसरा.

असे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. लोकसंख्या वाढली आणि माणसं जास्त जगू लागली की रुग्णांची संख्या आपोआप वाढते, कारण हा मुख्यतः उतारवयातला रोग आहे. म्हणून तुलनेसाठी वयाचा फरक काढून टाकलेला दर वापरतात, दर लाख लोकांमागे. तो दर २०२२ मध्ये पुरुषांसाठी ३२ आणि स्त्रियांसाठी १६ होता. जगाची सरासरी घेतली तर पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुप्पट.

पण सरासरीत बरंच काही झाकलं जातं. १९९४ मध्ये अ‍ॅलन लोपेझ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सिगारेटच्या साथीचे चार टप्पे मांडले होते. पहिल्या टप्प्यात थोडे पुरुष ओढतात, रोग दिसत नाही. दुसऱ्यात पुरुषांचं धूम्रपान शिखरावर जातं, स्त्रियांची सुरुवात होते. तिसऱ्यात पुरुषांचं धूम्रपान उतरू लागतं पण मृत्यू वाढतच असतात. चौथ्यात पुरुषांचे मृत्यू उतरतात आणि स्त्रियांचे चढतात. जगातले वेगवेगळे देश आज या जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे आहेत. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया शेवटच्या पायरीवरून उतरायला लागलेत. डेन्मार्क, स्वीडन, आइसलँडमध्ये स्त्रियांनी पुरुषांना जवळपास गाठलंय. हंगेरीत स्त्रियांचा दर जगातल्या सर्वांत वरच्या दरांत मोडतो. स्पेन आणि फ्रान्समध्ये पुरुषांचा दर खाली येत असताना स्त्रियांचा वर जातोय, कारण तिथे स्त्रियांमध्ये सिगारेट उशिरा पसरली.

आशिया आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागांत मात्र स्त्रिया या जिन्यावर चढल्याच नाहीत. जगात आज पुरुषांपैकी साधारण एकतृतीयांश तंबाखू वापरतात, स्त्रियांपैकी दर तेरा-चौदा जणींत एखादी. मग जिथे स्त्रिया सिगारेट ओढतच नाहीत तिथे त्यांना हा रोग होऊ नये. आणि इथेच सगळं सोपं गणित कोलमडतं.

न ओढलेला धूर

चीनमध्ये निम्म्याच्या आसपास पुरुष धूम्रपान करतात, स्त्रियांचं प्रमाण दोन-तीन टक्के. फ्रान्समध्ये धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया त्याच्या कितीतरी पट. तरीही २०१८ च्या आकड्यांत चिनी स्त्रियांचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा दर फ्रेंच स्त्रियांच्या बरोबरीचा होता.

याचं एक उत्तर चीनच्याच युन्नान प्रांतातल्या श्वानवेइ नावाच्या परिसराने दिलं. १९७० च्या दशकात देशभरच्या मृत्यूंची पाहणी झाली तेव्हा इथल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण देशात सर्वांत वरच्या पातळीवर निघालं. पुरुषांइतकंच. पुरुष धूम्रपान करत, स्त्रिया जवळपास अजिबात नाही. मग दोघांत समान काय होतं? घरातली आग. तिथे जमिनीखाली मिळणारा, भरपूर धूर करणारा दगडी कोळसा घराच्या मधोमध खड्ड्यात जाळत. धुराडं नाही. जेवण त्यावर, ऊबही त्याचीच. जन्मल्यापासून माणूस त्या काळ्या धुरात वाढे, आणि स्त्री दिवसातला जास्त वेळ त्याच्याजवळ.

पुढे घरोघर चुलींना धुराडी बसवली गेली. धूर घरात कोंडण्याऐवजी वर निघून जाऊ लागला. एकवीस हजारांवर शेतकऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. धुराडं बसवलेल्या घरांत हा कर्करोग पुरुषांमध्ये सुमारे ४१ टक्क्यांनी आणि स्त्रियांमध्ये सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाला. फरक दिसायला दहाएक वर्षं लागली. कर्करोगाच्या संशोधनात इतका साधा उपाय आणि इतकं मोठं यश एकत्र क्वचित सापडतं.

दुसरं उत्तर जपानमधून आलं. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांवर विवाहित स्त्रियांची चौदा वर्षं नोंद ठेवली. १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं की नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका जास्त. तंबाखू उद्योगाने हा अभ्यास खोडून काढायचा जंगजंग प्रयत्न केला. पुढे एकामागून एक देशांतून तसेच निष्कर्ष आले आणि दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर अधिकृतपणे कर्करोगकारक ठरला.

घराबाहेरची हवाही आता या यादीत आहे. लियाँच्या त्याच संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरचं वायुप्रदूषण यांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात टाकलं. याच गटात तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहेत. गटाचा अर्थ पुरावा पक्का आहे एवढाच होतो, धोका सारखाच आहे असा नव्हे. एका माणसापुरतं बोलायचं तर सिगारेट प्रदूषणापेक्षा कितीतरी घातक. पण सिगारेट सगळे ओढत नाहीत आणि हवा सगळे घेतात, म्हणून थोडा धोकाही कोट्यवधींनी गुणला जातो.

रेडॉनचं नाव अनेकांनी ऐकलेलं नसतं. खडकांतल्या आणि मातीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. काही प्रदेशांत तो जमिनीतून झिरपून बंद तळघरांत साचतो. अमेरिकेत धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते सर्वांत मोठं कारण मानलं जातं.

सन २००० च्या आकड्यांवरून केलेला एक अंदाज नेहमी सांगितला जातो: हा रोग झालेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या बाबतीत धूम्रपानाचा संबंध नसतो. स्त्रियांच्या बाबतीत हेच प्रमाण ५३ टक्के. म्हणजे जगाच्या पातळीवर, या रोगाच्या निम्म्याहून अधिक स्त्री-रुग्णांचं कारण सिगारेटीबाहेर शोधावं लागतं.

रोगाची जातही बदलली

फुप्फुस उलट्या झाडासारखं आहे. श्वासनलिका हे खोड, तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि टोकाला हवेचे बारीक फुगे. ‘फुप्फुसाचा कर्करोग’ हा एकच रोग नाही. जाड फांद्यांच्या अस्तरात होतो तो बहुधा स्क्वेमस प्रकारचा. टोकाच्या डहाळ्यांत, फुग्यांजवळ होतो तो बहुधा अ‍ॅडेनोकार्सिनोमा. याशिवाय झपाट्याने पसरणारा ‘स्मॉल सेल’ प्रकार आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला पुरुषांत स्क्वेमसचा जोर होता. आता जगभर अ‍ॅडेनोकार्सिनोमा पुढे आहे. २०२२ च्या आकड्यांवर आधारित, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुरुषांमधल्या सुमारे ४६ टक्के आणि स्त्रियांमधल्या सुमारे ६० टक्के फुप्फुस-कर्करोगांचा हा प्रकार होता. कधीच धूम्रपान न केलेल्या व्यक्तींतही बहुतेकदा हाच आढळतो.

यामागे सिगारेटच्या घडणीचाही हात आहे. १९५० च्या दशकापासून फिल्टर आले, मग ‘लाइट’ सिगारेटी. फिल्टरच्या बारीक भोकांतून हवा मिसळते, धूर सौम्य लागतो. निकोटीनची भूक तेवढीच असल्याने माणूस झुरका खोल ओढतो, आणि धूर जाड फांद्यांपाशी न थांबता टोकापर्यंत पोहोचतो. तंबाखूच्या मिश्रणातली नायट्रोसामाइन नावाची घातक रसायनंही बदलत गेली. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की सिगारेटच्या बदललेल्या रचनेमुळे अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा धोका वाढला. ‘लाइट’ या शब्दाने लोकांची, त्यातही सिगारेट सोडण्याच्या विचारात असलेल्या कितीतरी स्त्रियांची शुद्ध फसवणूक झाली.

धूम्रपान न करणाऱ्यांच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात आणखी एक धागा सापडतो. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा संदेश टिपणारा एक रेणू (रिसेप्टर) असतो, दारावरच्या बेलसारखा. बाहेरून संदेश आला की बेल वाजते आणि पेशी विभागते. जनुकात विशिष्ट बिघाड झाला की बेल अडकून वाजतच राहते. हा बिघाड २००४ मध्ये हाती लागला आणि त्यावर नेमक्या गोळ्या तयार झाल्या. पूर्व आशियातल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो सापडतो, युरोपीय वंशाच्या रुग्णांत दहा-पंधरा टक्क्यांत. स्त्रियांत आणि न ओढणाऱ्यांत त्याचं प्रमाण जास्त.

लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२२ मध्ये यातलं एक कोडं सोडवायला सुरुवात केली. निरोगी फुप्फुसातही असे बिघडलेल्या जनुकाच्या पेशी थोड्याफार असतातच, वय वाढतं तसं ते बिघाड आपोआप साठतात. त्या निपचित पडून असतात. हवेतले पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण आत गेले की फुप्फुसात दाह होतो, संरक्षक पेशी इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा संदेश सोडतात आणि त्या दाहात निपचित पेशी जाग्या होतात. कण जनुकावर घाव घालतीलच असं नाही, ते झोपलेल्याला उठवतात.

गंमत म्हणजे १९४० च्या दशकाच्या अखेरीस डॉल यांनी काम सुरू केलं तेव्हा त्यांचा पहिला संशय सिगारेटवर नव्हताच. मोटारींचा धूर किंवा रस्त्यांवरचं डांबर, असं त्यांना वाटत होतं. आकडे बघून त्यांनी मत बदललं आणि स्वतःची सिगारेटही सोडली. मोठं कारण सिगारेटच होतं. पण तो पहिला संशयही अगदीच वाया गेलेला नव्हता.

तरुण स्त्रियांचं कोडं

२०१८ मध्ये अमेरिकेतून एक अनपेक्षित निष्कर्ष आला. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर जन्मलेल्या गौरवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) लोकांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त दिसू लागलं होतं. २०२१ च्या आकड्यांत पासष्टीच्या आतल्या सगळ्याच स्त्रियांचा दर पुरुषांच्या किंचित वर गेला, दर लाखामागे १५.७ विरुद्ध १५.४. फरक छोटा आहे, पण तिथे असं पहिल्यांदाच घडलं. या पिढीतल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त सिगारेट ओढत नव्हत्या, त्यामुळे केवळ धूम्रपानाने हे उकलत नाही.

स्त्रियांचं शरीर या रोगाला जास्त बळी पडतं का, यावर बरीच वर्षं वाद आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा परिणाम, जनुकांची डागडुजी करण्याच्या क्षमतेतला फरक, अशी कारणं पुढे केली जातात. मला मात्र थन यांचे ते आकडे आठवतात. सारखं ओढलं तर धोका सारखा निघाला. स्त्रियांच्या शरीरात काहीतरी ‘वेगळं’ आहे म्हणून सोडून देणं सोपं असतं, आणि मग त्या श्वासाबरोबर काय काय आत घेत आल्या हे विचारायचं राहून जातं.

आणि हे न विचारण्याची किंमत निदानाच्या वेळी मोजावी लागते. फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण म्हटलं की डोळ्यांपुढे साठीचा, पिवळ्या बोटांचा पुरुष येतो. चाळिशी-पन्नाशीतल्या, कधीच न ओढलेल्या बाईचा खोकला दमा ठरतो, अ‍ॅलर्जी ठरते, थकवा कामाच्या माथी मारला जातो. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, पूर्वी न लागणारी धाप, छातीत किंवा खांद्यात न जाणारं दुखणं, कारणाशिवाय घटलेलं वजन, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया: यांतलं काही असेल तर धूम्रपान केलेलं असो वा नसो, छातीची तपासणी मागून घ्यावी. बहुतेक वेळा कर्करोग निघणार नाही, पण ते बघूनच ठरू द्या.

लक्षणं यायच्या आत शोधण्याची चाचणी म्हणजे कमी किरणांचा सीटी स्कॅन. अमेरिकेतल्या ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत, २०११ मध्ये, छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनने फुप्फुस-कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटलेले दिसले. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये झालेल्या नेल्सन चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. दहा वर्षांत पुरुषांतले मृत्यू २४ टक्क्यांनी घटले, स्त्रियांतले सुमारे ३३ टक्क्यांनी. स्त्रियांना फायदा जास्त होण्याची शक्यता दिसत असूनही त्या चाचणीत स्त्रिया होत्या साधारण सहा जणांमागे एक, त्यामुळे त्यांचा आकडा पुरुषांइतका भक्कम मानता येत नाही. ही उणीव मला फार खुपते.

स्कॅन कोणाचा करायचा हे ‘पाकीट-वर्षां’वर ठरतं. दिवसाला एक पाकीट वीस वर्षं, म्हणजे वीस पाकीट-वर्षं. अमेरिकेत आधी वय ५५ आणि किमान ३० पाकीट-वर्षं अशी अट होती. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय नागरिक तुलनेने कमी ओढूनही आजारी पडतात आणि या अटीतून निसटतात, हे लक्षात आल्यावर २०२१ मध्ये ती ५० वर्षं आणि २० पाकीट-वर्षं अशी सैल केली.

तैवानने वेगळी वाट धरली. तिथे हा रोग होणाऱ्यांत कधीच न ओढलेल्यांचा वाटा मोठा आहे. अशा बारा हजार लोकांना, ज्यांना घराण्यात हा रोग असण्यासारखा दुसरा काही धोका होता, तपासल्यावर २.६ टक्क्यांमध्ये कर्करोग सापडला आणि बहुतेक सगळे अगदी सुरुवातीच्या टप्प्यात होते. २०२२ पासून तैवानच्या राष्ट्रीय तपासणीत जवळच्या नात्यात हा रोग असलेल्यांनाही घेतात, धूम्रपानाची अट नाही, आणि स्त्रियांसाठी वयाची मर्यादा पुरुषांपेक्षा कमी ठेवली.

यावर गंभीर आक्षेपही आहे. तैवानच्याच नोंदींत स्त्रियांमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण कैक पटींनी वाढले, पण उशिराच्या टप्प्यातले त्या मानाने घटले नाहीत. म्हणजे आयुष्यभर काहीच त्रास न देणाऱ्या गाठीही शोधून कापल्या जात असाव्यात. निरोगी बाईच्या फुप्फुसाचा तुकडा विनाकारण काढणं ही काही लहान गोष्ट नाही. कोणाला तपासायचं आणि सापडलेल्या कोणत्या गाठीवर नुसती नजर ठेवायची, हा प्रश्न अजून सुटायचाय.

लंडनच्या त्या एकोणीस जणींपैकी एकही पाकीट-वर्षांच्या चाळणीत बसली नसती. तैवानच्या चाळणीत, घरात आईला किंवा भावाला हा रोग झालेला असता, तर एखाददुसरी बसली असती.